मंगळवेढ्याच्या वाटेवर अडीच तास

गेल्या माघात सोलापूरहून मंगळवेढ्यापलीकडच्या बिरोबावाडीला मोटारीने जाऊन आलो. या रस्त्याने आपली मोटार न्यावी असं मनात असलेले दोघे-तिघे मला भेटून रस्ता कसा आहे ते विचारून गेले. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढलेलं बरं, म्हणून हा खटाटोप.

मी गुरांचा डॉक्टर. माझं जाणं हवापालटासाठी नव्हतं. बिरोबावाडीच्या पाटलांची चिठ्ठी आली होती: वाडीतल्या बाळाबाई नावाच्या धनगर बाईच्या कळपात मेंढ्या पटापट मरत आहेत, उभी मेंढी थरथरते आणि घटकाभरात आडवी होते, नाकातून काळं रक्त येतं. हा फाशीचा रोग, इंग्रजीत ज्याला ॲन्थ्रॅक्स म्हणतात तो. यात उपचाराला वेळच मिळत नाही. मात्र ज्या मेंढ्या अजून धडधाकट आहेत त्यांना लस टोचली तर पुष्कळशा वाचतात. लस उत्तरेकडून रेल्वेच्या पार्सलने यायची होती. बुधवारी संध्याकाळी ती स्टेशनावर उतरली आणि मी पाटलांना निरोप धाडला की गुरुवारी दुपारच्या आत पोचतो.

माझी मोटार आठ वर्षांची जुनी टूरिंग. वरचं छप्पर कापडी, पुढची काच एका कोपऱ्यात तडकलेली. बदली होऊन गेलेल्या एका इंजिनियरसाहेबांकडून मी ती दोन वर्षांपूर्वी घेतली. तिचा बटणाचा स्टार्टर पंधरा दिवसांपासून कुरकुर करत होता, त्यामुळे हँडल मारूनच ती सुरू करावी लागे. माझा शिपाई तापाने पडला होता. हँडल मारायला कोणीतरी सोबत हवं, म्हणून मी मागच्या चाळीतल्या नरसय्याला विचारलं.

नरसय्या माझ्याच वयाचा, चाळिशीचा. घराणं विणकरांचं, घरात तेलुगू बोलतात, धाकटा भाऊ अजून घरीच हातमाग चालवतो. नरसय्या मात्र गिरणीच्या डायनमोघरात कामाला. गिरणीतले दिवे ज्या यंत्रावर जळतात त्या यंत्राची देखभाल त्याच्याकडे. त्या आठवड्यात बॉयलरच्या दुरुस्तीमुळे गिरणी बंद होती. तो म्हणाला, "येतो की. मोटारीत कधी बसलो न्हाय मी." एवढंच बोलून तो दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना धुतलेलं धोतर, काळा कोट आणि शेंगाचटणी-भाकरीचं गाठोडं घेऊन हजर झाला.

लसीच्या बाटल्यांची पेटी मागच्या सीटवर ठेवली. आत बर्फ आणि लाकडाचा भुसा, वरून ओलं पोतं. पेट्रोलचा एक जादा डबा पायरीवर बांधला. या रस्त्याला सोलापूर सोडल्यावर पेट्रोल मिळेल असं धरून चालू नये. नरसय्याने हँडल मारलं. नवव्या-दहाव्या फेरीला इंजिन सुरू झालं. आम्ही निघालो.

तिऱ्ह्यापर्यंत रस्ता चांगला आहे, खडी दाबलेली, दोन्ही बाजूंना बाभळी. सीनेला पाणी घोट्याएवढंच होतं. मोटार अलगद पार झाली. दोन्हीकडे ज्वारीची काढणी चालू होती. शेतकरी कणसं थेट रस्त्यावर पसरून ठेवतात, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांची चाकं त्यावरून जावीत म्हणून. नवख्या माणसाने तिथे थांबून उगीच विचारत बसू नये. सरळ वरून जावं, ते खूष होतात. मी हॉर्न वाजवत, बायकामाणसांना बाजूला करत चाललो होतो.

कामतीच्या अलीकडे इंजिन अडखळायला लागलं. सपाटीवर ठीक चाले, चढ आला की खोकल्यासारखे धक्के देई. नरसय्या इतका वेळ दोन्ही हातांनी दार धरून बसला होता. तो एकदम म्हणाला, "डॉक्टरसाब, हॉर्न वाजवता का एकदा?"

मी वाजवला. इंजिनाने एक ठोका चुकवला.

"बघा. हॉर्न वाजला की अडखळतं. इलेक्ट्रिकचं हाय हे."

"पेट्रोलमध्ये कचरा आहे," मी म्हणालो. "नवा डबा आहे. तळाला गाळ असतो."

त्याने पुन्हा दोन्ही हातांनी दार धरलं.

कामतीत लिंबाखाली मोटार उभी केली, पेटी सावलीत उतरवून घेतली. कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा जिथे एक होतात तो भाग, मी पूर्ण उघडला. त्यातलं बारीक भोक फुंकून साफ केलं. तळाशी खरोखरच थोडी माती निघाली. ती बोटावर घेऊन मी नरसय्याला दाखवली. त्याने मान हलवली. पाऊण तास गेला. परत हँडल मारलं तर इंजिन पहिल्यापेक्षा गोड चालायला लागलं. मला फार बरं वाटलं. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढचं सगळं त्या बरं वाटण्यातून झालं.

पुढे चार मैल मोटार झकास चालली. बेगमपूर आलं आणि भीमेचं पात्र दिसलं. या दिवसांत नदी एका काठाला अंग चोरून वाहते आणि बाकी सगळी वाळू. वाळूतून मोटार न्यायची तर कडबा पसरून चाकोरी केलेली असते. त्यावरून न थांबता एका दमात जावं लागतं. पलीकडच्या काठावर बैलजोड्या उभ्या असतात. मोटार रुतली तर आठ आण्यांत ओढून देतात. घासाघीस करू नये, काम कष्टाचं आहे.

आमची मोटार रुतली नाही. वाळूच्या बरोबर मध्यावर इंजिन दोनदा फुटल्यासारखं वाजलं आणि बंद पडलं.

नऊ वाजले होते. नरसय्याने हँडल मारलं. नुसतं फुसफुसलं. मी मारलं. हात दुखायला लागले. मी पुन्हा बॉनेट उघडलं आणि पुन्हा कार्ब्युरेटरला हात घातला.

"डॉक्टरसाब," नरसय्या म्हणाला, "ते एकदा झालं की साफ. बॅटरीकडं बघू या का? ही समोरची सुई पण सकाळपासून आडवी पडलीय."

समोरच्या फळीवर एक छोटी तबकडी असते. डायनमो बॅटरीत वीज भरत असला की तिच्यातली सुई उजवीकडे झुकते, बॅटरीतली वीज नुसतीच खर्च होत असली की डावीकडे. माझ्या मोटारीची सुई गेला महिनाभर मधल्या शून्याच्या जरा डावीकडेच पडून असायची. ती मोडकी आहे असं मी धरून चाललो होतो.

"सुई मोडकी आहे ती," मी म्हणालो. "आणि गिरणीचं यंत्र वेगळं, मोटार वेगळी. तुम्ही आज पहिल्यांदा मोटारीत बसलात."

मी हे शांतपणे म्हणालो. रागावून म्हणालो असतो तर कदाचित त्याने उलट उत्तर दिलं असतं. तो बाजूला झाला, कोट काढून पेटीवर घातला आणि पोत्यावर नदीचं पाणी शिंपडत राहिला.

मी कार्ब्युरेटर साफ केला. पेट्रोलची नळी काढून फुंकली. चारही प्लग काढून घासले. एक जरा तेलकट होता. कारण तोच असणार, असं मनाशी म्हटलं. टाकीतलं पेट्रोल धोतराच्या तुकड्यातून गाळलं. मधूनमधून नरसय्या न सांगता येऊन हँडल मारी आणि इंजिन सुरू होत नाही असं पाहून परत पेटीपाशी जाऊन बसे. ऊन वाढलं. वाळू तापली. बैलवाला काठावरून दोनदा ओरडून विचारून गेला, "ओढायचं का वो?" मी नको म्हणून हात केला. अकराच्या सुमाराला माझ्याकडे उघडायला काही उरलं नाही.

नरसय्या तेव्हा जवळ आला. "एक करता का? पुढचा दिवा लावा."

भर उन्हात दिवा कशाला, असं मला विचारायचं होतं. विचारलं नाही. बटण ओढलं. त्याने दिव्यावर दोन्ही हातांची ओंजळ धरून सावली केली आणि मला वाकून बघायला सांगितलं. आतली तार पांढरी दिसायला हवी. ती विझत आलेल्या उदबत्तीच्या टोकासारखी तांबडी होती.

"बॅटरीत जीव न्हाय," तो म्हणाला. "ठिणगी कुठनं पडणार? पेट्रोल किती बी साफ करा."

तेव्हा मला सगळं एका क्षणात कळलं. पेट्रोल पेटायला ठिणगी लागते. या मोटारीत ती ठिणगी बॅटरीतून येते. डायनमो बॅटरी भरत नव्हता, म्हणून पंधरा दिवस स्टार्टर कुरकुरत होता, हॉर्नने वीज घेतली की ठोका चुकत होता आणि चढावर धक्के बसत होते. कामतीला मोटार बरी झाली ती मी केलेल्या सफाईने नव्हे. पाऊण तास उभी राहिल्याने बॅटरीला थोडी उसंत मिळाली होती, इतकंच. सगळी लक्षणं एकाच दुखण्याची होती आणि मी प्रत्येकाला वेगळं औषध देत बसलो होतो. असं करणाऱ्या विद्यार्थ्याला मी परीक्षेत नापास केलं असतं.

"बघा तुम्हीच," मी म्हणालो.

त्याने डायनमोच्या मागचा पितळी पट्टा सोडवला. आत फिरणाऱ्या तांब्याच्या गोल भागावर कोळशाचे दोन छोटे ठोकळे टेकलेले असतात. वीज त्यांच्यातून बाहेर येते. एक ठोकळा तेल आणि धुळीच्या राबडीत अडकून बसला होता आणि झिजून इतका आखूड झाला होता की त्याची स्प्रिंग त्याला पुढे ढकलूच शकत नव्हती. तांबं काळं पडलं होतं. नरसय्याने पेट्रोलच्या फडक्याने राबडी पुसली. माझ्या हत्यारांच्या पेटीत काचकागद होता, त्याने तांबं हलक्या हाताने उजळलं. मग मी खिळे ठेवायला घेतलेल्या चहाच्या जुन्या पत्री डब्याच्या झाकणाचा एक तुकडा कापून, चार पदरी दुमडून त्याने तो ठोकळ्याच्या मागे बसवला, म्हणजे स्प्रिंग पोचेल. हे सगळं करताना तो तोंडातल्या तोंडात तेलुगूत काहीतरी पुटपुटत होता. मी विचारलं तर म्हणाला, "काय न्हाय. आमच्या मशीनला असंच बोलतो मी."

त्याला जेमतेम अर्धा तास लागला. तेवढ्यात मी बैलवाल्याला हाक मारली. दोन जोड्यांनी मोटार ओढून पलीकडच्या काठावर घेतली. बॅटरीला तेवढा विसावा मिळाला. नरसय्याने हॉर्नची आणि दिव्यांची तार सोडवून ठेवली, म्हणजे उरलीसुरली वीज ठिणगीलाच मिळेल. सहाव्या फेरीला इंजिन सुरू झालं. सुई हलली. आधी जराशी, मग थरथरत उजवीकडे गेली आणि तिथेच राहिली. ती मोडकी नव्हती.

मंगळवेढ्याला थांबलो नाही. गाव संस्थानच्या हद्दीत येतं. नाक्यावरच्या माणसाने पेटीत काय आहे विचारलं, मेंढ्यांचं औषध म्हटल्यावर लगेच सोडलं. गावाबाहेर काळी जमीन दूरवर पसरलेली आहे. ज्याला नुसतं हिंडायला यायचं असेल त्याने याच दिवसांत यावं. मी त्या दिवशी त्यातलं फारसं काही पाहिलं नाही. पुढे सांगोल्याच्या बाजूला बैलगाडीची चाकोरी लागते, तिथे ताशी आठ मैलांच्या वर जाता येत नाही.

बिरोबावाडीत पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. बाळाबाई वाड्याच्या, म्हणजे काट्यांच्या कुंपणाच्या, तोंडाशी उभी होती. साठीची, उंच, डोक्यावर घोंगडी. तिने आधी पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दुपारच्या आत येनार व्हता न्हवं?"

"मोटार बंद पडली वाटेत," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि आम्हाला मागच्या बाजूला नेलं. तिथे मेलेल्या मेंढ्या एका ओळीत ठेवल्या होत्या. चिठ्ठी आल्यापासून मेलेल्या आधीच पुरल्या होत्या. या त्या सकाळच्या. नऊ होत्या. "ह्या चार न्याहारीच्या वक्ताला गेल्या," ती म्हणाली, "आन् ह्या पाच आत्ता, ऊन चढल्यावर." शेवटच्या मेंढीचं अंग अजून गरम होतं. तिच्यापाशी एक कोकरू उभं होतं. त्याला कोणी हाकललं नव्हतं.

नरसय्या माझ्या मागे होता. उशीर कोणामुळे झाला ते त्याला तिथे बोलता आलं असतं.

मी पिचकारी उकळायला ठेवली. पाणी उकळेपर्यंत काही काम नव्हतं. मी बाळाबाईकडे वळलो. "बाई, मघाशी मी अर्धंच सांगितलं. मोटार बिघडली हे खरं. पण बिघाड कशात आहे ते यांनी मला कामतीच्या अलीकडेच सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. दुसरीकडेच शोधत बसलो. ऐकलं असतं तर अडीच तास आधी आलो असतो."

तिने नरसय्याकडे बघितलं.

"व्हय?" तिने त्याला विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. काय करावं न सुचून त्याने कोटाचं बटण लावलं.

"मग आता तरी नीट जागी टोचा," ती म्हणाली आणि कुंपणाचं काटेरी झापड बाजूला केलं.

दिवस मावळेपर्यंत आम्ही टोचत होतो. बाळाबाईचा पुतण्या मेंढी धरी, नरसय्या बाटल्या देई, टोचलेल्या मेंढीच्या पाठीवर ती स्वतः गेरूचा पट्टा ओढी. दोन मेंढ्या टोचण्याआधीच थरथरायला लागल्या. मी त्यांना दुप्पट लस दिली. एक गेली, एक वाचली. मेलेल्यांची कातडी काढायची नाही, अंग उघडायचं नाही, पुरुषभर खोल पुरून वर चुना टाकायचा, हे मी तीन-तीनदा सांगितलं. कातडं गेलं म्हणजे तेवढंही नुकसान. पण तिने वाद घातला नाही. "सांगशिला तसं," म्हणाली आणि पुतण्याला कुदळ आणायला पिटाळलं.

मुक्काम पाटलांच्या ओसरीवर केला. जेवायला ज्वारीची भाकरी, डाळीचं पिठलं, तव्यावरचा ठेचा. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी ताक मागून घ्यावं, इकडे ते न मागता पुढे येत नाही.

सकाळी मी पुन्हा कळप बघितला. त्या रात्रीत आणखी तीन गेल्या होत्या. बाकीच्या चरायला लागल्या होत्या. निघताना बाळाबाईने नरसय्याच्या हातात पिंजलेल्या लोकरीचा एक पेळू दिला. मला काही दिलं नाही. मला ते योग्य वाटलं.

परतताना मोटारीने एकदाही त्रास दिला नाही. बेगमपूरच्या वाळूत कडब्यावरून एका दमात पार झालो. काठ चढून वर आल्यावर नरसय्याने विचारलं, "डॉक्टरसाब, अडीच तास आधी गेलो असतो तर किती वाचल्या असत्या?"

मी हिशोब मनात पुष्कळदा केला होता. "सांगता येत नाही. लस अंगात भिनायला वेळ लागतो. ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरला होता त्या गेल्याच असत्या. दोन-तीन वाचल्या असत्या. कदाचित एकही नाही."

तिऱ्हं जवळ आलं तेव्हा तो म्हणाला, "मी जरा जोरात सांगायला पायजे होतं."

मी मोटार थांबवली. "नरसय्या, तुम्ही जोरात सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं."

"तरी बी," तो म्हणाला.

दुपारी सोलापुरात पोचलो. डायनमोला नवे कोळसे बसवून घेतले. जुनी मोटार बाळगणाऱ्यांना एवढंच सांगेन की तबकडीतली सुई मोडकी आहे असं ठरवण्याआधी दिवा लावून पाहावा. हॉर्न वाजवल्यावर इंजिन अडखळत असेल तर पेट्रोलच्या मागे लागू नये. आणि वाळू ओलांडण्याआधी बॅटरी तपासावी. रस्ता एरवी वाईट नाही. एका दिवसात जाऊन येता येतं.

आता लिहितो ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. कचेरीच्या अहवालात उशिराचं कारण काय लिहावं यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी बाळाबाईला जे सांगितलं तेच लिहिलं. वरिष्ठांनी त्यावर काही शेरा मारला नाही. शेरा यायला हवा होता असं मला अधूनमधून वाटतं. आडव्या पडलेल्या त्या पाच मेंढ्यांपैकी दोन-तीन कोणत्या, हे कोणालाही कधी कळणार नाही. आणि तो प्रश्न अजून माझ्यापाशीच आहे.

बाराव्या दिवशी पाटलांचं कार्ड आलं. ते घेऊन मी मागच्या चाळीत गेलो. गिरणी सुरू झाली होती, पण त्या दिवशी सुट्टी होती. नरसय्या भावाच्या मागापाशी बसून दोरी वळत होता. मी कार्ड वाचून दाखवलं: आपण गेल्यानंतर तिसऱ्या दिवसापासून एकही दगावलेली नाही, कळप चरायला बाहेर पडला, बाळाबाईंचा नमस्कार.

"एकूण बावीस गेल्या," मी म्हणालो.

"आन् राहिल्या किती?"

मला आठवून सांगावं लागलं. "एकशे सहा."

त्याने भावाकडे वळून तेलुगूत तो आकडा सांगितला. भावाने माग थांबवला आणि पुन्हा विचारला. नरसय्याने पुन्हा सांगितला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "लई हायत की, डॉक्टरसाब," आणि मला बसायला पाट सरकवला.